मल्टीत कुत्रा-मांजर पाळायचे असेल तर: रहवासी संघ काय ठरवू शकतो आणि काय नाही

इंदूरच्या बहुतेक मल्ट्यांच्या, म्हणजे बहुमजली फ्लॅटच्या इमारतींच्या, लिफ्टमध्ये आरशाशेजारी दोन-तीन कागद चिकटवलेले असतात. मेंटेनन्स दहा तारखेच्या आत भरा, गच्चीवर वडाची कुंडी ठेवू नका, पाहुण्यांची गाडी बाहेर लावा. अलीकडे त्यांत आणखी एकाची भर पडली आहे: ‘मल्टी में पालतू जानवर रखना सख्त मना है। आज्ञा से, रहवासी संघ।’ ज्यांच्या घरी कुत्रा आहे ते हा कागद वाचून धास्तावतात, ज्यांना कुत्र्याची भीती वाटते ते निर्धास्त होतात, आणि ही आज्ञा देण्याचा अधिकार संघाला कोठून मिळाला हे मात्र दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

प्रश्न किरकोळ राहिलेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्याच शहरात, खजराना भागातील कृष्णबाग कॉलनीत, रात्री कुत्री फिरवण्यावरून शेजाऱ्यांत वाद झाला आणि बँकेत सुरक्षारक्षक असलेल्या एकाने घराच्या वरून गोळीबार केला. दोन माणसे जिवानिशी गेली. मे २०२५ मध्ये अहमदाबादच्या हाथीजण भागात पाळलेल्या रॉटवायलरच्या हल्ल्यात चार महिन्यांची मुलगी दगावली. त्यानंतर काही महिन्यांतच सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांविषयी लागोपाठ आदेश दिले, आणि ते मथळ्यांपुरते वाचून अनेक संघांनी आपापल्या मल्टीत नवे फतवे काढले.

या सगळ्या गोंधळात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत. फ्लॅटमध्ये प्राणी ठेवता येतो का, हा पहिला. ठेवल्यास जिना, लिफ्ट, बाग अशा सामायिक जागेत त्याच्याशी आणि इतरांशी कसे वागावे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर रहवासी संघाच्या हाती फारच थोडे आहे, दुसऱ्यावर पुष्कळ आहे. तरीही बहुतेक संघ आपली सारी शक्ती पहिल्यावर खर्च करतात आणि दुसऱ्याबद्दल एक ओळही नीट लिहीत नाहीत. प्राणी पाळणारेही, आपल्याला हक्क आहे हे एकदा कळले की जबाबदारीचे पान उलटून मोकळे होतात.

फ्लॅट कोणाचा, जिना कोणाचा?

मल्टीतील मालकी आपल्याकडे मध्य प्रदेश प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, २००० या कायद्याने समजावून सांगितली आहे. प्रकोष्ठ म्हणजे आपला फ्लॅट. या कायद्यानुसार फ्लॅटधारकाकडे दोन गोष्टी असतात: फ्लॅटवर स्वतंत्र मालकी, आणि जिने, लिफ्ट, गच्ची, आवार, पाण्याची टाकी यांसारख्या सामायिक जागांत अविभक्त वाटा. अविभक्त म्हणजे जिन्याची अमुक पायरी माझी असे दाखवता येत नाही. सगळा जिना सगळ्यांचा.

ज्यांनी राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांतले जुने वाडे पाहिले आहेत त्यांना ही रचना नवी वाटणार नाही. वाड्यात प्रत्येक बिऱ्हाडाच्या खोल्या त्याच्या असत. चौक, आड आणि जिना सर्वांचा असे. चौकात धुणी केव्हा वाळत घालायची आणि आडावर कोणाची बारी कधी, हे मिळून ठरे. कोणाच्या चुलीवर काय शिजावे हे ठरवण्याचा हक्क मात्र चौकातल्या बैठकीला नव्हता (ठरवण्याचा प्रयत्न पुष्कळांनी केला, ती गोष्ट वेगळी). रहवासी संघ ही त्या चौकाची बैठक आहे. सामायिक जागेची व्यवस्था पाहणे हे त्याचे काम, आणि दाराच्या आत त्याचा अधिकार तेवढ्यापुरताच पोहोचतो, जेवढ्याने दाराबाहेरच्यांना त्रास होतो.

आपल्या मल्टीचा संघ कोणत्या कायद्याखाली नोंदला गेला आहे हे एकदा पाहून ठेवावे. काही संघ प्रकोष्ठ अधिनियमाखाली असतात, जुन्या कॉलन्यांतील काही गृहनिर्माण सहकारी संस्था मध्य प्रदेश सहकारी सोसायटी अधिनियम, १९६० खाली असतात, आणि बरेच संघ मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदलेले असतात. काही तर कोठेच नोंदलेले नसतात; दर महिन्याला वर्गणी गोळा करणारी ती एक समिती असते एवढेच. तिच्या ‘आज्ञेला’ शेजारधर्मापलीकडे वजन नाही.

वरचा कागद आणि खालचा कागद

नियमांना क्रम असतो. सर्वांत वर राज्यघटना, तिच्याखाली संसदेने किंवा विधानसभेने केलेले कायदे, त्यांच्याखाली त्या कायद्यांनुसार सरकारने केलेले नियम, त्यानंतर संघाच्या उपविधी, म्हणजे संघाने आपल्या कारभारासाठी लिहून पंजीयकाकडे (रजिस्ट्रारकडे) नोंदवलेले नियम, मग सर्वसाधारण सभेचा ठराव, आणि अगदी तळाशी लिफ्टमधली सूचना. खालचा कागद वरच्याने दिलेले काढून घेऊ शकत नाही. सूचना ठरावावर उभी असली पाहिजे, ठराव उपविधींत बसला पाहिजे आणि उपविधी कायद्याच्या चौकटीत राहिल्या पाहिजेत. म्हणून अशी सूचना दिसली की पहिला प्रश्न अगदी साधा आणि शांतपणे विचारण्यासारखा आहे: हा ठराव कोणत्या तारखेच्या सभेत, कोणत्या उपविधीच्या आधारे झाला? पुष्कळ ठिकाणी प्रकरण इथेच निवते, कारण सभा झालेलीच नसते. अध्यक्ष आणि सचिव यांनी चहा घेता घेता तो मजकूर टाईप करून घेतलेला असतो.

कायदा बंदीबद्दल काय म्हणतो?

घरात कुत्रा किंवा मांजर पाळण्यास मनाई करणारा कोणताही कायदा आपल्याकडे नाही. उलट प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा प्राणी पाळला जाईल हे गृहीत धरूनच लिहिलेला आहे. त्याच्या कलम ३ नुसार ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याची नीट काळजी घेणे आणि त्याला अनावश्यक यातना होऊ न देणे हे कर्तव्य आहे. राज्यघटनेच्या कलम ५१ क (छ) मध्ये सजीव प्राण्यांविषयी भूतदया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे.

याच १९६० च्या कायद्याने भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले. या मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये रहवासी संघांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत म्हटले आहे की बहुमत असले किंवा उपविधी बदलून घेतल्या तरीही संघाला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही; लहान कुत्रा चालेल आणि मोठा चालणार नाही असा भेद करता येत नाही; कुत्रा भुंकतो एवढ्या कारणावरून तो काढायला लावता येत नाही; लिफ्ट नाकारता येत नाही आणि तिच्यासाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत.

येथे प्राणिप्रेमी मंडळी एक गोष्ट सोयीने विसरतात. मंडळाच्या या सूचना सल्ल्याच्या स्वरूपाच्या आहेत. संसदेच्या कायद्याइतके त्यांचे वजन नाही. त्यांचा कागद सचिवाच्या तोंडावर फेकला की वाद संपला, असे होत नाही. त्या सूचनांना खरे बळ मिळाले ते २०२१ मध्ये, जेव्हा केरळ उच्च न्यायालयाने असे जाहीर केले की रहिवाशाला आपल्या घरात प्राणी ठेवण्यास सरसकट मनाई करणारे उपविधीतले किंवा करारातले कलम बेकायदेशीर, घटनाविरोधी आणि अंमलात न आणण्याजोगे मानावे, आणि संघांनी तशा पाट्याही लावू नयेत. त्याच निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट केले की प्राणी पाळण्याचे हे स्वातंत्र्य वाजवी अटींच्या अधीन आहे. केरळचा निकाल मध्य प्रदेशातील न्यायालयांना बांधून ठेवत नाही. पण असे प्रकरण इंदूर खंडपीठापुढे गेले तर तो निकाल वकील पुढे ठेवणारच आणि न्यायालय त्याचा विचार करणारच.

‘पण उपविधी म्हणजे करारच ना?’

संघाच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सहकारी संस्थेच्या उपविधी सदस्यांना करारासारख्या बांधतात. सदस्यत्व पारशी समाजापुरते ठेवणारी त्या संस्थेची उपविधी न्यायालयाने मान्य केली. मग जी संस्था आपले सदस्य निवडू शकते, ती प्राणी नकोत असे का म्हणू शकत नाही?

उत्तर दोन भागांत देता येते. एक म्हणजे त्या प्रकरणात प्रश्न संस्थेत कोणी यावे याचा होता. आधीपासून राहणाऱ्याच्या घरातून काही बाहेर काढण्याचा नव्हता. आणि त्याहून महत्त्वाचे असे की दहा वर्षे घरात वाढलेल्या कुत्र्याला पंधरा दिवसांत काढा असा हुकूम दिला, तर मालकाने त्याला नेमके कोठे सोडावे? १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. संघाचा ठराव माणसाला त्या गुन्ह्याकडे ढकलत असेल तर तो ठराव वरच्या कागदाशी भांडतो आहे, आणि या भांडणात तोच हरला पाहिजे. तरीही, ज्याने प्राणिबंदीची नोंदलेली उपविधी वाचून, तिच्यावर सही करून फ्लॅट घेतला आणि नंतर कुत्रा आणला, त्याची बाजू जुन्या रहिवाशाइतकी मजबूत नाही, हे मान्य करायला हवे. फ्लॅट घेताना रजिस्ट्रीचे कागद आपण भिंगातून पाहतो. उपविधींची प्रत मागून वाचणारे मात्र विरळाच.

‘सर्वोच्च न्यायालयाने तर कुत्री हटवायलाच सांगितली!’

ते आदेश भटक्या कुत्र्यांविषयी आहेत. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली आणि परिसरातील भटकी कुत्री पकडून निवाऱ्यात ठेवावीत आणि परत सोडू नयेत असे सांगितले. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने त्यात बदल केला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री त्यांच्याच भागात सोडावीत, फक्त रेबीजची लागण किंवा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडू नयेत, खाऊ घालायला रस्त्यांऐवजी ठरावीक जागा असाव्यात. ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हटवून तेथे पुन्हा न सोडण्याचे निर्देश आले. यांतील एकही आदेश चौथ्या मजल्यावर गादीवर झोपणाऱ्या लॅब्रॅडॉरला लागू होत नाही. ‘सुप्रीम कोर्टाच्या आदेशानुसार’ अशी सुरुवात असलेली प्राणिबंदीची सूचना दिसली, तर आदेशाची तारीख आणि परिच्छेद विचारावा.

टाउनशिपच्या आवारातच राहणाऱ्या भटक्या कुत्र्यांसाठी २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम आहेत. त्यांतील नियम २० नुसार अशा कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा ठरवण्याची जबाबदारी रहवासी संघावर येते, आणि ती जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या दारापासून दूर असावी लागते. भांडण टाळण्यासाठी हा नियम किती उपयोगी आहे हे ज्यांनी मल्टीच्या फाटकातच दूध-पोळी टाकणाऱ्या काकू आणि त्यांच्यावर ओरडणारे सेवानिवृत्त काका यांचा रोजचा सामना पाहिला आहे, त्यांना सांगायला नको.

लिफ्ट, बाग आणि पट्टा

खरा मामला इथे आहे, कारण रोजचे खटके इथेच उडतात. सातव्या मजल्यावरून म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसातून तीन वेळा जिन्याने न्या, हे सांगणे म्हणजे बंदीच दुसऱ्या दाराने आणणे होय. सांधे दुखणारा कुत्रा जिने चढू शकत नाही आणि मालक त्याला कडेवर घेऊ शकत नाही. दुसऱ्या बाजूला, ज्याला लहानपणी कुत्रा चावला आहे त्याच्यासाठी पाच फुटांच्या बंद डब्यात अनोळखी जर्मन शेफर्डबरोबर उभे राहणे ही गंमत नसते. ‘काही करत नाही हो तो’ या वाक्याने आजपर्यंत कोणाची भीती गेल्याचे मी पाहिलेले नाही.

संघाने नियम करायचे ते येथे. पट्टा आखूड धरावा. लिफ्टमध्ये आधीपासून कोणी असेल तर विचारून शिरावे, आणि नको म्हटले तर पुढची फेरी घ्यावी. दोन लिफ्ट असतील तर शाळेच्या बसच्या वेळेस एक लिफ्ट प्राण्यांविना राहील असे ठरवावे. असे नियम कोणाचा हक्क हिरावत नाहीत आणि दोघांचीही सोय पाहतात. बागेचेही तसेच. मंडळाच्या सूचनांचा कल असा आहे की बागेत कायमची बंदी घालण्यापेक्षा वेळा ठरवून द्याव्यात. सकाळी मुले नसताना आणि रात्री जेवणानंतर, एवढे बहुतेक ठिकाणी पुरते.

मुसक्यांचा, म्हणजे तोंडाला बांधायच्या जाळीचा, वाद नेहमी निघतो. मंडळ म्हणते की पट्टा बांधण्याचा सल्ला द्यावा, पण संघाने मुसक्यांची सक्ती करू नये. मला वाटते की सक्ती नसली तरी मोठ्या आणि बुजऱ्या कुत्र्याच्या मालकाने ती सवय पिल्लू असल्यापासून लावावी. डॉक्टरकडे नेतानाही ती कामी येते आणि लिफ्टमधला तणाव निम्म्याने उतरतो. जातीबद्दल विचाराल, तर मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुपालन विभागाने पिटबुल, रॉटवायलर वगैरे तेवीस जातींवर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले होते. संबंधितांचे म्हणणे न ऐकता ते काढल्यामुळे कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केले. म्हणून केवळ त्या पत्राच्या आधारे जातीवर बंदी घालणारा संघ तकलादू पायावर उभा आहे. मात्र पन्नास किलोचा रक्षक जातीचा कुत्रा दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणणे कायद्यात बसते म्हणून शहाणपणाचे ठरते असे नाही. हाथीजणच्या घटनेनंतर तरी हे वेगळे सांगावे लागू नये.

घाणीबद्दल मात्र इंदूरकराला कोणी शिकवावे लागू नये. देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मिरवणाऱ्या गावात, सकाळी सहाला कुत्र्याला शेजारच्या मल्टीच्या भिंतीपाशी नेऊन दुसरीकडे पाहत उभे राहणारे सद्गृहस्थ दिसतात, आणि प्राणी पाळणाऱ्या सगळ्यांवरचा राग तेथेच जन्माला येतो. मंडळाने घाण उचलण्याचा सल्ला मालकांना दिला आहे. सार्वजनिक जागी घाण केल्यास दंड करण्याचा अधिकार नगर निगमाकडे आहे. संघ स्वतः मनाला येईल तो दंड मेंटेनन्सच्या बिलात टाकू शकत नाही, पण निगमाच्या ३११ ॲपवर फोटोसह तक्रार करण्यापासून त्याला कोणी अडवलेले नाही.

भुंकणे किती म्हणजे फार?

कुत्रा भुंकणारच. दारावरची घंटा, कुरिअरवाला, जिन्यातले मांजर, यांवर तो चार वेळा भुंकला म्हणून उपद्रव होत नाही. उपद्रव म्हणजे नेहमीच्या सुखशांतीत सतत आणि अवाजवी खंड पाडणे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ते नियम भुंकण्यासाठी लिहिलेले नाहीत, पण रात्रीची शांतता हा शेजाऱ्याचा हक्क आहे हे त्यांतून नक्कीच दिसते.

तासन् तास चालणाऱ्या भुंकण्याचे कारण बहुधा एकटेपणा असते. नवरा-बायको दोघे नोकरीवर, कुत्रा बाल्कनीत बांधलेला, आणि मे महिन्याचे ऊन. अशा वेळी मालकाला काही ऐकू येत नसते, कारण तो घरी नसतो. शेजारी भांडायला आला की त्याला तो खोटारडा वाटतो. ध्वनिमुद्रण करून, तारीख-वेळ लिहून ते मालकाला दाखवणे हा पहिला उपाय आहे. कुत्र्याला आत ठेवणे, सकाळी भरपूर फिरवणे आणि दुपारी कोणीतरी येऊन जाणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. आणि हो, कुत्र्याला दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवणे हेदेखील १९६० च्या कायद्यात क्रूरता मानले आहे.

चावला तर?

आधी उपचार, मग वाद. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना काही लावू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन लस सुरू करावी. चावणारा कुत्रा पाळीव असल्यास त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते; पण ‘आमच्या कुत्र्याला टोचले आहे’ या शब्दावर विसंबून माणसाने लस टाळू नये, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळपास अशक्य असते.

मालकाची जबाबदारी येथे कठोर आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळाच. एखादा प्राणी खरोखर धोकादायक असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी त्याला बंदिस्त ठेवण्याचा किंवा त्याची अन्य व्यवस्था करण्याचा आदेश देऊ शकतो. म्हणजे धोकादायक प्राण्याविरुद्ध शेजारी असहाय आहे हे खरे नाही. फक्त हा अधिकार दंडाधिकाऱ्याचा आहे, संघाच्या सचिवाचा नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. १९६० च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला आजही दहा ते पन्नास रुपये दंड आहे, ज्यात छप्पन दुकानच्या गल्लीत नीट नाश्ताही होणार नाही. पण त्यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की रागाच्या भरात विष घातलेली पोळी टाकली तर पन्नास रुपयांत सुटका होईल. प्राण्याला मारणे, विष देणे किंवा जायबंदी करणे यासाठी न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

भाड्याने राहत असाल तर

भाडेकरूचे गणित निराळे आहे. घरमालकाशी झालेल्या करारात प्राणी न ठेवण्याची अट मान्य करून सही केली असेल, तर केरळचा निकाल हाती असला तरी अकरा महिन्यांनी करार पुढे न वाढवण्याचा मार्ग मालकाला मोकळाच असतो. इंदुरात कोचिंगसाठी आणि नोकरीसाठी आलेल्या तरुणांनी घर घेण्यापूर्वी मांजर आहे हे स्पष्ट सांगावे आणि परवानगी करारात लिहून घ्यावी. घरमालकाची हरकत नसताना संघाने मालकावर दबाव आणणे मात्र गैर आहे.

मांजर, पोपट आणि इतर

मांजराबद्दल तक्रारी कमी येतात; खिडकीला जाळी लावली, नसबंदी करून घेतली की प्रश्न बहुधा मिटतो. पोपटाबद्दल मात्र अनेक घरांत गैरसमज आहे. आजीच्या पिंजऱ्यातला ‘विठू विठू’ म्हणणारा हिरवा देशी पोपट वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे आणि तो पाळणे गुन्हा आहे, संघाची परवानगी असो वा नसो. चांदणी कासवाचेही तेच. परदेशी मकाव, आफ्रिकन ग्रे असे आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेले पक्षी असतील तर २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्यांची नोंद करावी लागते. आणि फ्लॅटमध्ये पिल्ले काढून विकण्याचा धंदा हा पाळण्यात मोडत नाही. श्वान प्रजननाच्या २०१७ च्या नियमांनुसार त्याला नोंदणी लागते, आणि निवासी फ्लॅटमध्ये व्यवसाय चालवण्यावर संघ रास्तपणे आक्षेप घेऊ शकतो.

तंटा झालाच तर कागद कोणते ठेवावेत?

प्राणी पाळणाऱ्याने आपली बाजू आधी स्वच्छ करावी. रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने दरवर्षी, तिची नोंदवही, नगर निगमाकडची नोंदणी, आणि नसबंदीचा दाखला, हे एका फाइलमध्ये असावे. त्यांच्या प्रती संघाला आपणहून देणारा मालक निम्मे भांडण सुरू होण्याआधीच संपवतो.

बंदीची नोटीस मिळाल्यास संघाला लेखी उत्तर द्यावे: ठरावाची प्रत आणि उपविधीचे कलम मागावे, मंडळाच्या २०१५ च्या सूचना आणि केरळचा निकाल जोडावा, आणि सामायिक जागेत आपण काय काय पाळायला तयार आहोत हे मुद्देवार लिहावे. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण पुढे कोणापुढेही प्रकरण गेले तरी वाजवी कोण वागले हेच प्रथम पाहिले जाते. पाणी, लिफ्ट किंवा घरकामाच्या मावशींचा प्रवेश तोडण्याची धमकी आली तर ती लेखी मागावी. फोनवर दिलेली धमकी कागदावर उतरवायला सहसा कोणी धजावत नाही.

त्रास होणाऱ्या शेजाऱ्यानेही लेखीच जावे. ‘त्यांचा कुत्रा नको’ असे लिहिण्याऐवजी अमुक तारखेला पट्टा नव्हता, अमुक रात्री दोन तास भुंकत होता असे लिहिले, तर संघाला काही करता येते. सहकारी संस्था असेल तर सहकारिता विभागाच्या उपपंजीयकाकडे, १९७३ च्या कायद्याखालचा संघ असेल तर फर्म्स आणि संस्थांच्या पंजीयकाकडे कारभाराविषयीची तक्रार जाते. चावणे, धमकी किंवा विषप्रयोग असेल तर थेट पोलीस ठाण्यात. घाण आणि नोंदणी यांसाठी निगमाच्या झोन कार्यालयात. लिफ्टमधल्या आरशाशेजारी लावायचा कागद या सगळ्यानंतर येतो, आणि तो लावलाच तर त्यावर ठरावाची तारीख व उपविधीचा क्रमांक असावा.